उंच पोट्ट्याले बोर्डाखाली रोवू नका

माझ्या चुलतभावाचा पोट्टा नववीत आहे. मोबाईलवर बास्केटबॉलचा मॅनेजरवाला गेम खेळते, म्हणजे ज्यात आपण टीम बनवायची, प्लेयर घ्यायचे-विकायचे, अन् मॅच कॉम्प्युटरच खेळून टाकते, आपण फक्त निकाल पाहायचा. मागच्या महिन्यात मला म्हणे, "काका, सात फुटी सेंटर घेतला, पूरे पैसे त्याच्यावर लावले, रेटिंग टीममध्ये सगळ्यात भारी, अन् तरी गार्डच जास्त पॉइंट करून राहिला. गेम बोगस आहे काय?"

(सेंटर म्हणजे बोर्डाखाली, रिंगजवळ खेळणारा उंच गडी, अन् गार्ड म्हणजे बॉल वर घेऊन येणारा, बाहेरून खेळणारा बारका गडी.) मी म्हटलं बोगस नाही, खऱ्या खेळातही असंच होते. तो म्हणे, काऊन? रिंग वर आहे, उंच माणूस रिंगच्या जवळ आहे, मंग त्याचेच पॉइंट जास्त पाहिजे ना? त्या दिवशी मला धड उत्तर देता आलं नाही अन् ते मनात राहूनच गेलं, कारण मी स्वतः शाळेत सेंटर होतो अन् हाच प्रश्न मला तेव्हा पडायला पाहिजे होता. आपल्याकडं शाळेच्या ग्राउंडवर दरवर्षी उंच पोट्टे-पोट्टींचं जे होते त्याच्याशी याचा सरळ संबंध आहे. म्हणून लिहून राहिलो, थोडं लांबेल.

आधी आकडे पाहू. एनबीएचा, म्हणजे अमेरिकेतल्या मोठ्या बास्केटबॉल लीगचा, २०२१-२२ चा सीझन घ्या. रुडी गोबेर, सेंटर, उंची सात फूट एक इंच. त्या सीझनला त्याचे ७१.३ टक्के शॉट आत गेले, पूर्ण लीगमध्ये सगळ्यात चांगली टक्केवारी, रिबाऊंडमध्येही, म्हणजे हुकलेला बॉल पकडण्यात, तोच पहिला, मॅचमागं १४.७. अन् पॉइंट किती? मॅचमागं १५.६. आता स्टीफन करी पाहा, गार्ड, सहा फूट दोन इंच. त्याच सीझनला त्याचे ४३.७ टक्केच शॉट आत गेले, म्हणजे निम्म्याहून जास्त हुकले, अन् पॉइंट मॅचमागं २५.५. जो जास्त चुकवते तो दहा पॉइंट पुढं! कारण साधं आहे, गोबेर मॅचमागं आठ शॉटही मारत नव्हता अन् करी एकोणीस मारत होता, त्यातलेही अर्ध्याहून जास्त तीन पॉइंटवाले, म्हणजे लांबच्या रेघेबाहेरून मारलेले (आतून मारला तर दोनच पॉइंट). अन् त्या सीझनला एकूण पॉइंट आणि एकूण असिस्ट (ज्या पासवर दुसऱ्यानं पॉइंट केला तो) या दोन्हींत पहिला कोण आला तर ट्रे यंग, तोही गार्ड, सहा फूट एक इंच, एवढ्या उंचीची माणसं आपल्या अमरावतीच्या एसटी स्टँडवरही दिसतात.

म्हणजे सेंटरला पॉइंट करता येत नाही हे खोटं आहे. त्याच्यापर्यंत बॉल येत नाही.

आमचं गाव तिवसा तालुक्यात, अप्पर वर्धाच्या कॅनॉलवर. मोर्शीजवळ सिंभोऱ्याला धरण आहे तिथून पाणी सुटते. ज्याचं शेत हेडला, कॅनॉलच्या तोंडाशी आहे त्याच्या चाऱ्या आधी भरतात, अन् शेवटच्या टोकाच्या टेलवाल्याची जमीन कितीही काळीभोर असू द्या, त्याच्यापर्यंत पाणी येईस्तोवर पाळी संपत येते, कधी येतच नाही, मंग तो रात्री कंदील घेऊन कॅनॉलवर फिरते. हेडवाल्याची जमीन मुरमाड असली तरी तिथं दोन पिकं निघतात. बास्केटबॉलमध्ये गार्ड हेडला बसला आहे अन् सेंटर टेलला. बॉल आत येते तो पहिल्यांदा गार्डच्या हातात. आठ सेकंदांत अर्धं ग्राउंड पार करायचं, एकूण चोवीस सेकंदांत शॉट मारायचा. मारायचा की द्यायचा, कोणाला द्यायचा, कधी द्यायचा, हे सगळं तो ठरवते. सेंटरला मात्र आधी अंगावर अंग लावून जागा घ्यावी लागते, मंग हात वर करून बॉल मागावा लागते, समोर एक जण पासच्या वाटेत उभा, मागून दुसरा धावत येऊन राहिला, अन् बॉल आला तरी तेव्हा घड्याळात आठ-दहा सेकंद उरलेले. तोपर्यंत गार्डला स्वतःला मोकळा शॉट दिसला तर तो मारूनच टाकते, अन् त्यात त्याची काही चूक नाही, मीही मारला असता.

कबड्डी पाहणाऱ्याला हे सांगावंही लागत नाही. रेडर दर पाळीला तिकडं जाते म्हणून त्याचे गुण जास्त, कोपऱ्यावरचा गडी कितीही पहाडासारखा असला तरी समोरचा जवळ आल्याशिवाय त्याला काही करता येत नाही. कोपरा कमजोर आहे असं आपण कधी म्हणतो का? मंग बास्केटबॉलमध्ये काऊन म्हणतो?

आता दुसरी गोष्ट, अन् ही मला जास्त महत्त्वाची वाटते. हे नेहमीच असं नव्हतं. १९६१-६२ मध्ये विल्ट चेंबरलेन नावाचा सात फूट एक इंचाचा सेंटर पूर्ण सीझनभर मॅचमागं ५०.४ पॉइंट करत होता, अन् २ मार्च १९६२ ला त्यानं एकट्यानं एका मॅचमध्ये १०० पॉइंट केले. तो सलग सात वर्षं लीगमध्ये पॉइंटमध्ये पहिला होता. करीम अब्दुल-जब्बार या सेंटरचे करिअरचे ३८,३८७ पॉइंट जवळपास चाळीस वर्षं रेकॉर्ड होते, २०२३ मध्ये लेब्रॉन जेम्सनं तो मोडला, अन् करीमनं त्या पूर्ण करिअरमध्ये तीन पॉइंटवाला शॉट आत टाकला फक्त एक. म्हणजे रिंगजवळ उभं राहून डोंगरभर पॉइंट करता येत होते. रिंग तेव्हाही दहा फुटांवर होती, आजही दहा फुटांवरच आहे. मंग बदललं काय?

नियम बदलले. अन् बरेचसे नियम उंच माणसाला आवरण्यासाठीच बदलले. जॉर्ज मायकन नावाचा सेंटर रिंगखाली कोणाला ऐकत नव्हता म्हणून १९५१ मध्ये रिंगसमोरचा पट्टा, ज्यात तीन सेकंदांच्या वर थांबता येत नाही तो, सहा फुटांचा बारा फूट रुंद केला. चेंबरलेन आल्यावर १९६४ मध्ये बाराचा सोळा केला. अमेरिकेच्या कॉलेजांत तर १९६७ पासून १९७६ पर्यंत डंक मारायची, म्हणजे उडी मारून बॉल वरून रिंगमध्ये कोंबायचीच बंदी होती, तेव्हा करीम कॉलेजात होता. मंग १९७९ मध्ये एनबीएनं तीन पॉइंटची रेघ आणली. सुरुवातीला लोकांनी तिला मनावर घेतलं नाही, पहिल्या सीझनला एक टीम मॅचमागं सरासरी २.८ शॉटच तिथून मारत होती, अन् २०२४-२५ मध्ये हाच आकडा ३७ च्या वर गेला. २००१ पासून झोन डिफेन्सला, म्हणजे माणसाऐवजी जागा राखायला, परवानगी मिळाली, त्यामुळं सेंटरला पुढून-मागून दोघांनी घेरणं सोपं झालं. अन् २००४ पासून बाहेर बॉल घेऊन चालणाऱ्या गार्डला हातानं अडवण्यावर रेफरी कडक फाऊल द्यायला लागले, म्हणजे आतला बांधला अन् बाहेरचा मोकळा सोडला. शकील ओनील हा सेंटर २००० मध्ये पॉइंटमध्ये पहिला आला, त्यानंतर तिथं परत सेंटर दिसायला थेट २०२२ उजाडलं.

हिशेबही पाहून घ्या. समजा शंभर शॉट तीनच्या रेघेबाहेरून मारले अन् छत्तीसच आत गेले, तरी १०८ पॉइंट होतात. तेच शंभर शॉट दहा-पंधरा फुटांवरून वळून-वाकून मारले, चाळीस आत गेले, तर फक्त ८०. सेंटरचा रिंगला चिकटून मारलेला शॉट या दोन्हींपेक्षा भारी, शंभरात पासष्ट गेले तर १३०, पण तसा शॉट त्याला कोणीतरी दिला तरच मिळते. स्वतःच्या भरवशावर पाठ लावून, ढकलत-ढकलत जो शॉट काढावा लागते तो वेगळा अन् कमी भावाचा.

फ्री थ्रोची, म्हणजे फाऊल झाल्यावर मिळणाऱ्या मोकळ्या शॉटची, गोष्ट तर कोणी बोलतच नाही. शकील ओनील करिअरमध्ये ५२.७ टक्के फ्री थ्रो टाकू शकला, चेंबरलेन ५१.१. समोरची टीम शेवटच्या मिनिटांत मुद्दाम अशा माणसाला फाऊल करते, म्हणून कोच त्याला बाहेर बसवते, नाहीतर बॉलच देत नाही. त्यात रिंगखालच्या माणसाचे फाऊल लवकर भरतात, आपल्याकडच्या नियमात पाच झाले की बाहेर. जो बेंचवर बसला त्याचे पॉइंट कुठून येतील?

आता गेमकडं येतो, कारण पोट्ट्याचा प्रश्न तिथून सुरू झाला होता. असे सिम्युलेशन गेम साधारण असं करतात की दर वेळी बॉल आला की आधी चिठ्ठी काढतात, शॉट कोण मारणार. ज्याचं ड्रिबल (बॉल टप्पे मारत नेणं), शूटिंग, बॉलसोबतचं काम भारी त्याच्या नावाच्या चिठ्ठ्या जास्त. मंग ठरते कुठून मारणार, मंग ठरते आत जाणार का. सेंटरचं रेटिंग सगळ्यात भारी आहे हे खरं, पण ते बनलं कशाचं? रिबाऊंड, ब्लॉक, ताकद, उंची. पहिल्या चिठ्ठीत यातलं फारसं काही कामी येत नाही. मी पोट्ट्याला हेच सांगितलं की बाबू, तू रेटिंगचे ९० पाहून राहिला, पण कशाचे ९० आहेत ते उघडून पाह्य. त्यानं उघडलं अन् बराच वेळ काही बोलला नाही.

अन् जे गेम अंगठ्यानं खेळतात त्यात तर अजून सोपं आहे. बॉल ज्याच्याकडं, आपला अंगठा त्याच्यावर, अन् बॉल घेऊन वर येते गार्ड. आत पास द्यायचा, पाठ लावून ढकलायचं, वळायचं, हे सगळं बटणावर अवघड जाते, बाहेरून मारणं सोपं, म्हणून आपणच गार्डनं मारतो अन् मंग म्हणतो गार्डचे पॉइंट जास्त. एनबीए टूके मध्ये आपला प्लेयर बनवताना उंची वाढवत न्या, ड्रिबल अन् लांबच्या शॉटची कमाल मर्यादा खाली-खाली येत जाते. गेम बनवणाऱ्यांचं मला समजते, त्यांना सगळं बॅलन्स ठेवायचं असते नाहीतर सगळेच सात फुटी करी बनवतील. पण तेरा-चौदा वर्षांचा पोट्टा रोज दोन तास ते पाहते तेव्हा त्याच्या डोक्यात काय बसते? की उंच माणसाच्या हाताला बॉल शोभत नाही, जणू देवानंच तसं बनवलं. गेममध्ये आजकालच्या एनबीएचा हिशेब भरला आहे. १९६२ चा भरला असता तर तोच पोट्टा मला विचारत आला असता की काका, गार्डचे पॉइंट एवढे कमी काऊन?

इथं कोणी मला म्हणेल की जोएल एम्बीड तर सेंटर आहे, २०२२ अन् २०२३ दोन्ही वर्षी पॉइंटमध्ये तोच पहिला, ३०.६ अन् ३३.१. निकोला योकिच सेंटर आहे, २०२१, २०२२, २०२४ असा तीनदा एमव्हीपी, म्हणजे सीझनचा सगळ्यात भारी प्लेयर झाला, अन् २०२४-२५ मध्ये त्यानं मॅचमागं २९.६ पॉइंट, १२.७ रिबाऊंड, १०.२ असिस्ट काढले. मंग तुमचं म्हणणं खोटं पडलं ना? मला उलट वाटते, यांच्यामुळंच माझं म्हणणं खरं ठरते. हे दोघं कसे खेळतात पाहा. एम्बीड फ्री थ्रोच्या रेघेवर तोंड समोर करून बॉल घेते, ड्रिबल करते, फ्री थ्रो शंभरात ऐंशीच्या वर टाकते. योकिचच्या हातातूनच तर त्याच्या टीमचा सगळा खेळ चालते. हे टेलवरून उठून हेडला येऊन बसलेले सेंटर आहेत. अँथनी डेव्हिसचं उदाहरण मला सगळ्यात आवडते, तो शाळेत आधी सहा फूट दोन इंचाचा गार्ड होता, मंग शाळेतच आठेक इंच वाढला अन् सहा फूट दहा झाला, पण लहानपणी हातात आलेला बॉल काही विसरला नाही. उंची नंतर आली, हात आधीच तयार होता.

अन् आपल्याकडं नेमकं याच्या उलट चालते.

मी सातवीत पाच फूट नऊ इंच होतो. शाळेच्या टीममध्ये पहिल्याच दिवशी मला सांगितलं गेलं, तू बोर्डाखाली उभा राह्य, बॉल आला की खाली आणू नको, वरच्या वर गार्डला दे. पुढची सहा वर्षं मी तेच केलं. आमचं ग्राउंड मुरमाचं, कडेला काळी माती, एप्रिल-मेमध्ये तिला भेगा पडतात अन् बॉल टप्प्यावरून कुठंही जाते, म्हणून ड्रिबल तसंही कोणाला नीट जमत नव्हतं, पण जे दोन बारके पोट्टे गार्ड होते ते रोज पडत-धडपडत शिकत होते. मी उभा होतो. तालुक्याला आम्ही जिंकायचो, माझ्यामुळंच जिंकायचो हे सगळे म्हणायचे, जिल्ह्यालाही एकदा गेलो. बारावीनंतर अमरावतीला कॉलेजच्या ट्रायलला गेलो तेव्हा तिथं माझ्यापेक्षा चार बोटं उंच असे सहा जण होते. मी सहा फूट एक इंचावर थांबलो होतो. तिथल्या कोचनं मला पाहिलं अन् चांगल्या मनानं म्हणाले, या उंचीचा सेंटर नाही चालणार, गार्ड खेळून दाखव. मी बॉल घेतला अन् अर्ध्या ग्राउंडपर्यंतही नेऊ शकलो नाही, दोनदा हातातून काढून घेतला. वीस मिनिटांत संपलं सगळं. शाळेतल्या सरांवर माझा राग नाही, त्यांना मॅच जिंकायची होती अन् त्यांच्याकडं एकच उंच पोट्टा होता.

माझं सगळं म्हणणं इथं आहे. तालुक्यातला सेंटर राज्याला गेला की तो गार्डच्या उंचीचा असते. करी सहा दोन, ट्रे यंग सहा एक, अन् आपण सहा फुटी पोट्ट्याला सेंटर म्हणून बोर्डाखाली रोवतो, जसा वावरात काकभगोडा रोवतात तसा. तो पुढं जाऊन ना सेंटर होते ना गार्ड. पोट्टींचं तर याहून वाईट, पाच फूट सहा इंचाची पोट्टी दिसली की झाली ती सेंटर, तिच्या हातात बॉल म्हणजे मॅच गेली असंच धरून चालतात.

अन् खरोखर सात फुटी निघाला तरी काय? पंजाबच्या बल्लो के गावचा सतनाम सिंग भमरा, सात फूट दोन इंच, २५ जून २०१५ ला एनबीएमधल्या डॅलसच्या टीमनं त्याला ड्राफ्टमध्ये, म्हणजे नवे प्लेयर निवडतात त्यात, ५२ व्या नंबरवर घेतलं, भारतात जन्मलेला असा तो पहिलाच. मी तेव्हा गावात पेढे वाटले होते, खोटं नाही सांगत. पण एनबीएची मॅच काही त्याला मिळाली नाही. त्याच्या बरोबर नऊ दिवस आधी, १६ जूनला, गोल्डन स्टेट नावाची टीम एनबीए चॅम्पियन झाली होती, अन् त्यांनी फायनलमध्ये आपला सात फुटी सेंटर बसवून बुटकी टीम उतरवली होती. ज्या जुन्या जागेसाठी आपण आपला सगळ्यात उंच गडी तयार केला ती जागाच तिथं मोडीत निघून राहिली होती. त्याच्या मेहनतीला मी कमी म्हणत नाही, गावातून एवढं वर जाणं काय असते ते मला माहीत आहे. पण बारा-तेरा वर्षांच्या पोराला फक्त उंची पाहून एका जागी ठेवायचं, हा धंदा आपला आहे, त्याचा नाही.

म्हणून माझी मागणी साधी आहे. शालेय स्पर्धा १४, १७, १९ वर्षांखालच्या होतात. चौदाखालच्या गटात तरी पोझिशन नावाची गोष्टच नको. पाचही जणांनी आळीपाळीनं बॉल वर आणायचा, तसा नियमच करा. मिनी बास्केटबॉलची रिंग २.६० मीटरवर असते, मोठ्यांची ३.०५ वर, जिल्हा परिषदेच्या शाळांत लहान पोरांसाठी ती खालची रिंग लावा, म्हणजे बारक्या पोट्ट्यांनाही रिंगखाली खेळता येईल अन् उंच पोट्ट्याला बाहेर यायची सवड मिळेल. अन् ग्राउंडवर बाकी काही नाही तरी सहा मीटर रुंद काँक्रीटचा एक पट्टा टाका, ड्रिबलपुरता. गावोगावी सिमेंट रोड होऊन राहिले, त्यातलाच थोडा माल.

मला माहीत आहे सर लोक काय म्हणतील. मॅच हरू. दहावी-बारावीच्या पोरांना खेळाचे सवलतीचे गुण असतात, जिल्ह्याला-राज्याला गेलं तरच ते मिळतात, पालक विचारतात, हेडमास्तर विचारतात. हे खोटं नाही, मी याला छोटी अडचण म्हणणार नाही. शेतमजुराच्या पोरीला ते गुण म्हणजे कॉलेजची अॅडमिशन असू शकते. पण मी चौदाखालच्या गटाचं बोलून राहिलो, तिथं दहावी अजून दूर आहे. सातवी-आठवीत हरली टीम तर हरली.

मागच्या वर्षीपासून मी सकाळी सहा वाजता, ऊन चढायच्या आत, गावातल्या पोट्ट्या-पोट्टींना शिकवतो, सोयाबीनच्या दिवसांत सुट्टी, बाकी रोज. त्यात आठवीतली एक पोट्टी आहे, आत्ताच पाच फूट सात इंच आहे, अजून वाढून राहिली. तिला मी गार्ड ठेवलं. मागच्या रविवारी चांदूर रेल्वेच्या पोरींसोबत दोस्तीची मॅच होती, तिनं सहा वेळा बॉल घालवला, आम्ही अकरा पॉइंटनं हरलो, अन् तिचे बाबा मॅचनंतर माझ्याकडं येऊन म्हणाले, भाऊ, एवढी उंच पोरगी हाय, तिले बोर्डाखाली उभी करा ना, काऊन तिची इज्जत घालवता. मी त्यांना घरी नेलं, चहा पाजला, हे सगळं सांगितलं जे इथं लिहिलं. त्यांना पटलं की नाही ते त्यांनी सांगितलं नाही. सोमवारी सकाळी पोट्टी ग्राउंडवर आली होती, सगळ्यांच्या आधी, एकटीच डाव्या हातानं बॉल टप्पे मारत होती. या रविवारी त्याच पोरींसोबत परत मॅच आहे, अन् बॉल तीच वर आणणार आहे.